पीएफसेन्स फायरवॉलची जोडी : काम एकीवरून दुसरीवर हाताने कसे न्यावे

कार्यालयाच्या रॅकमध्ये एकीखाली एक अशा दोन फायरवॉल, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या नेटवर्कमधील रहदारी गाळणारी यंत्रे, बसवलेल्या असतात. त्यांतील एक काम करत असते आणि दुसरी तिची जागा घेण्यासाठी तयार उभी असते. पहिली बंद पडली की दुसरी आपोआप काम हाती घेते, एवढे बसवून देणारा सांगून जातो. परंतु पहिलीवर अपडेट चढवायचे असते, तिचा पंखा किंवा डिस्क बदलायची असते, रॅकमधील वीजजोडणी नव्याने करायची असते, तेव्हा ती धडधाकट चालू असतानाच काम दुसरीवर न्यावे लागते आणि नंतर परतही आणावे लागते. ते कसे करायचे, हे मात्र नवीन माणसाला सहसा कोणी नीट समजावत नाही.

एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातील नेटवर्क माझ्याकडे आले, तेव्हा मलाही हे कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच अपडेटच्या वेळी मी दोन बटणांपैकी चुकीचे बटण वापरले आणि शाखांची काउंटर जवळजवळ वीस मिनिटे थांबली. पासबुक हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या लोकांना तो वेळ फुकट घालवावा लागला. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून मी आता ज्या क्रमाने काम करतो तो क्रम येथे देत आहे. काम दुसरीवर नेणे ही एका क्लिकची गोष्ट आहे. त्यापूर्वीची तपासणी आणि नंतरचे परत आणणे, या दोन ठिकाणी खरी काळजी घ्यावी लागते.

हे मार्गदर्शन पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जोडीसाठी आहे. ओपीएनसेन्स या त्याच्यासारख्या सॉफ्टवेअरमध्ये मेन्यू वेगळे असले, तरी आतली यंत्रणा तीच आहे.

१. आधी जोडी कशी चालते ते समजून घ्या

या जोडीत तीन स्वतंत्र गोष्टी चालू असतात आणि नवखा माणूस त्यांची सरमिसळ करतो. पहिली गोष्ट म्हणजे कार्प, म्हणजे सामाईक पत्ता कोणाकडे आहे ते ठरवणारा प्रोटोकॉल. दुसरी पीएफसिंक, जी चालू जोडण्यांची यादी, अर्थात स्टेट टेबल, दुसऱ्या फायरवॉलला सतत कळवत असते. तिसरी एक्सएमएल-आरपीसी सिंक, जी प्रायमरीवर, म्हणजे एरवी काम करणाऱ्या फायरवॉलवर, केलेले नियम आणि सेटिंग सेकंडरीवर, म्हणजे तयार उभ्या असलेल्या दुसरीवर, उतरवते. ही तिसरी गोष्ट एकाच दिशेने, प्रायमरीकडून सेकंडरीकडे, चालते. सेकंडरीवर उलट दिशेची सिंक कधीही चालू करू नका.

कार्पमध्ये प्रत्येक नेटवर्कवर तीन पत्ते लागतात. समजा, लॅनवर, म्हणजे कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कवर, प्रायमरीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ आहे आणि सेकंडरीचा १९२.१६८.१.३ आहे, मग १९२.१६८.१.१ हा सामाईक पत्ता असतो आणि सगळ्या संगणकांना गेटवे म्हणून तोच दिलेला असतो. वॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या, बाजूलाही असेच तीन पत्ते हवेत. लाइन देणाऱ्या कंपनीने /३० चा गट दिला असेल, तर त्यात वापरण्याजोगे पत्ते दोनच असतात आणि त्यांतील एक कंपनीच्या गेटवेकडे जातो, म्हणून किमान /२९ चा गट मागून घ्यावा लागतो. छोट्या गावांतील कार्यालयांत पुष्कळदा पीपीपीओई (वापरकर्तानाव आणि पासवर्ड देऊन जोडले जाणारे) ब्रॉडबँड असते, आणि त्यावर कार्पचा सामाईक पत्ता थेट ठेवता येत नाही. तेथे कंपनीचा राउटर पुढे ठेवून त्याच्या आणि फायरवॉलच्या मध्ये खासगी पत्त्यांचे छोटे नेटवर्क करावे लागते.

ज्या फायरवॉलकडे सामाईक पत्ता असतो ती मास्टर, दुसरी बॅकअप. मास्टर त्या त्या नेटवर्कवर ‘मी आहे’ असा छोटा संदेश ठरावीक अंतराने पाठवत राहते. हे अंतर बेस आणि स्क्यू या दोन आकड्यांवरून ठरते : बेस सेकंदांत असतो आणि स्क्यूला २५६ ने भागून येणारा भाग त्यात मिळवला जातो. प्रायमरीचा बेस १ आणि स्क्यू ० असतो, म्हणून ती दर सेकंदाला संदेश पाठवते. सेकंडरीचा स्क्यू १०० असतो, म्हणून तिचे अंतर सुमारे १.३९ सेकंद भरते. ज्याचे अंतर कमी त्याला मास्टरपद, असा हा नियम आहे. हाताने काम दुसरीवर नेताना आपण याच नियमाचा उपयोग करतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दोन्ही फायरवॉलना जोडणारी सिंकची वेगळी केबल काढली की काम दुसरीवर जाईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ‘मी आहे’ हे संदेश लॅनवर आणि वॅनवर, म्हणजे जेथे सामाईक पत्ता आहे तेथूनच जातात. सिंकची केबल काढल्याने फक्त स्टेट टेबल पोहोचणे बंद होते आणि पुढचा बदल अधिक त्रासाचा होतो. ही केबल मात्र स्वतंत्रच असावी, कारण पीएफसिंकच्या संदेशांना पासवर्ड वा ओळखपडताळणी नसते.

२. हाताशी काय हवे

– दोन्ही फायरवॉलचे स्वतःचे पत्ते, सामाईक पत्ते, त्यांचे व्हीएचआयडी क्रमांक (कार्पमधील सामाईक पत्त्याचे ओळखक्रमांक) आणि कोणत्या पोर्टमध्ये कोणती केबल आहे याची यादी, कागदावर छापलेली. आमची यादी ऑनलाइन शीटमध्ये होती आणि नेमक्या गरजेच्या वेळी ती उघडता आली नाही.
– दोन्ही फायरवॉलच्या कॉन्फिगरेशनचा त्याच दिवशी घेतलेला बॅकअप. ‘डायग्नोस्टिक्स’ मेन्यूतील ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ येथून ही फाइल मिळते. तिच्यात पासवर्ड आणि किल्ल्या असतात, त्यामुळे ती एन्क्रिप्ट करूनच लॅपटॉपवर ठेवा.
– दोन्हींचे अॅडमिन पासवर्ड, प्रत्यक्ष लॉगिन करून पाहिलेले.
– लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप, लांब पॅच कॉर्ड आणि कन्सोल केबल.
– तुमची आवृत्ती पुन्हा बसवता येईल असा पेन ड्राइव्ह.
– लाइन देणाऱ्या कंपनीचा तक्रार क्रमांक आणि सर्किट आयडी.
– वरिष्ठांची लेखी परवानगी. त्यात कामाची वेळ आणि काम फसल्यास काय करणार हेही लिहिलेले असावे.

३. वेळ ठरवा

महिनाअखेर, पगाराचा दिवस आणि लेखापरीक्षणाचा आठवडा टाळा. काम सुट्टीच्या दिवशी करायचे असले, तरी एखाद्या शाखेतील एक जाणता माणूस फोनवर असू द्या. आपल्या बाजूने सगळे हिरवे दिसते, पण तिकडे पासबुक प्रिंटर बंद असतो, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

४. बदल करण्यापूर्वीची तपासणी

या टप्प्याला पुरेसा वेळ द्या. मी यासाठी अर्धा तास राखून ठेवतो.

सुरुवातीला लॉगिन कोठे करता ते पाहा. फायरवॉलवर सामाईक पत्त्याने कधीही लॉगिन करू नका. तसे केले आणि काम दुसरीवर गेले, की त्याच पत्त्यावर तुमच्यापुढे दुसरीच फायरवॉल येते आणि आपण प्रायमरीवर आहोत असे समजून तुम्ही सेकंडरीवर बदल करत राहता. ब्राउझरच्या दोन खिडक्या उघडा, एकीत .२ आणि दुसरीत .३. दोन्हींची होस्टनावे वेगळी ठेवा आणि ‘जनरल सेटअप’मध्ये होस्टनाव मेन्यूत दिसण्याची सोय आहे ती चालू करा.

आता ‘स्टेटस’ मेन्यूतील ‘कार्प’ हे पान दोन्हीकडे उघडा. प्रायमरीवर सगळ्या ओळी मास्टर आणि सेकंडरीवर सगळ्या ओळी बॅकअप दिसायला हव्यात. एकच ओळ दोन्हीकडे मास्टर दिसत असेल, तर त्या नेटवर्कवर दोघींना एकमेकींचे संदेश पोहोचत नाहीत. हे संदेश २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, त्यामुळे चुकीचा व्हीलॅन आणि स्विचमधील आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट संदेश कोणत्या पोर्टकडे जाऊ द्यायचे ते ठरवणारी सोय) ही कारणे आधी तपासा. फायरवॉल व्हीएमवेअरवर असतील, तर त्या पोर्ट ग्रुपमध्ये प्रॉमिस्क्युअस मोड, मॅक अॅड्रेस चेंजेस आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स या तिन्ही गोष्टींना परवानगी हवी. हे सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

व्हीएचआयडीचा गुंता येथेच सांगून टाकतो. कार्प ओपनबीएसडीच्या विकासकांनी लिहिला आणि तो २००४ मध्ये ओपनबीएसडी ३.५ सोबत आला. त्याआधी राउटरसाठी व्हीआरआरपी हा अशाच कामाचा प्रोटोकॉल होता, पण त्यावर सिस्को पेटंटचा हक्क सांगत असल्यामुळे मोकळेपणाने वापरता येईल असा वेगळा प्रोटोकॉल करावा लागला. दोघांचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक मात्र ११२ हाच आहे आणि आभासी मॅक पत्ता बनवण्याची रीतही सारखी आहे : त्या मॅक पत्त्याचा शेवटचा भाग म्हणजे व्हीएचआयडी. म्हणून तुमच्या वॅनच्या स्विचवर लाइनवाल्यांचे राउटर व्हीआरआरपी चालवत असतील आणि त्यांचा क्रमांकही १ असेल, तर दोन ठिकाणी एकच मॅक पत्ता तयार होतो आणि लाइन थांबत थांबत चालते. क्रमांक १ ते २५५ पर्यंत असतात; सुरुवातीचे सोडून एखादा मधला निवडा.

यानंतर दोन्हीकडच्या स्टेटची संख्या पाहा. ती तंतोतंत सारखी नसते, पण जवळपास हवी. प्रायमरीवर हजारो स्टेट आणि सेकंडरीवर पन्नास-साठच असतील, तर पीएफसिंक बंद आहे आणि बदल करताच सगळ्यांच्या चालू जोडण्या तुटतील. दोन्ही यंत्रांत इंटरफेसांचा क्रम आणि नावेही सारखी असावीत, कारण स्टेट कोणत्या इंटरफेसची आहे तेही नोंदलेले असते.

आता सर्वांत जास्त फसवणारी जागा : आउटबाउंड नॅट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर कोणता पत्ता लावायचा ती सेटिंग. ही आपोआपच्या पद्धतीवर सोडलेली असेल, तर बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर प्रायमरीच्या स्वतःच्या वॅन पत्त्याचा शिक्का बसतो. काम दुसरीवर गेले, की तो पत्ता दुसरीकडे नसल्यामुळे स्टेट पोहोचलेल्या असूनही त्या सगळ्या जोडण्या मरतात. नॅट हाताने लावून लॅनच्या नेटवर्कसाठी वॅनचा सामाईक पत्ता द्या. मात्र ‘सगळे स्रोत’ असा नियम करू नका. तसे केल्यास फायरवॉलची स्वतःची रहदारीही सामाईक पत्त्याने बाहेर पडू लागते; सेकंडरी बॅकअप असताना तिची उत्तरे मास्टरकडे जातात आणि सेकंडरीला अपडेटही उतरवता येत नाही. तिचे स्वतःचे इंटरनेट चालते की नाही, हे तिच्याच ‘डायग्नोस्टिक्स’मधील पिंगने पाहून घ्या.

संगणकांना पत्ते आपोआप देणाऱ्या डीएचसीपीमध्ये गेटवे आणि डीएनएस म्हणून सामाईक पत्ताच दिलेला आहे ना, ते एखाद्या संगणकावर जाऊन पाहा. त्याहून महत्त्वाची आहेत ती उपकरणे, ज्यांत पत्ते हाताने भरलेले असतात. आमच्याकडे प्रवेशद्वाराजवळच्या हजेरी यंत्रात गेटवे १९२.१६८.१.२ भरलेला होता, म्हणजे प्रायमरीचा स्वतःचा पत्ता. काम सेकंडरीवर गेल्यावरही प्रायमरी चालू होती, तोवर कोणाच्या लक्षात आले नाही. ती रीबूटला टाकली तेव्हा हजेरी पुढे जाणे थांबले आणि कारण शोधायला दुपार गेली. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, प्रिंटर, नॅस आणि जुने सर्व्हर यांच्याजवळ जाऊन ही एक नोंद डोळ्यांनी वाचा.

व्हीपीएन, म्हणजे शाखांना इंटरनेटवरून जोडणारे सुरक्षित बोगदे, सामाईक पत्त्यावर बांधलेले आहे का तेही बघा. तसे असले, तरी ओपनव्हीपीएन आणि आयपीसेकच्या वाटाघाटी पीएफसिंकमधून जात नाहीत, त्यामुळे बदलाच्या वेळी शाखांचे बोगदे तुटून नव्याने जोडले जातात. हे होणारच आहे, म्हणून शाखांना आधी कळवा. वेगळी पॅकेजे बसवली असतील, तर ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे बसवावी लागतात. प्रायमरीवर बसवली म्हणून सेकंडरीवर येत नाहीत.

५. प्रत्यक्ष बदल

लॅनवरील संगणकावर, थांबवेपर्यंत चालू राहणारे तीन पिंग लावा : पहिला लॅनच्या सामाईक पत्त्याला, दुसरा लाइनवाल्यांच्या गेटवेला आणि तिसरा ८.८.८.८ ला. सोबत एखादी मोठी फाइल उतरवायला लावा, कारण चालू जोडणी टिकते की नाही हे पिंगवरून कळत नाही.

आता प्रायमरीच्या ‘स्टेटस’ – ‘कार्प’ पानावर या. तेथे दोन बटणे आहेत : ‘टेम्पररीली डिसेबल कार्प’ आणि ‘एंटर पर्सिस्टंट कार्प मेंटेनन्स मोड’. मी पहिल्या वेळी दाबले ते डावीकडचे. त्याने काम दुसरीवर जाते खरे, पण प्रायमरी रीबूट होताच कार्प पुन्हा चालू होतो. अपडेटमध्ये रीबूट असतोच. माझी प्रायमरी उठली तेव्हा तिची पॅकेजे अजून बसायची होती, स्टेट टेबल पुरते आलेले नव्हते, आणि तशा अर्धवट अवस्थेत तिने मास्टरपद परत घेतले.

तुम्हाला हवे आहे ते दुसरे बटण. मेंटेनन्स मोडमध्ये प्रायमरीचा स्क्यू २५४ होतो, म्हणजे तिचे अंतर जवळजवळ दोन सेकंदांवर जाते, आणि १.३९ सेकंदांची सेकंडरी मास्टर होते. हा मोड रीबूटनंतरही टिकतो. याचा आणखी एक फायदा असा, की सामाईक पत्ते प्रायमरीवरून काढले जात नाहीत. ती बॅकअप म्हणून उभी असते आणि या काळात सेकंडरी कोसळली, तर प्रायमरी पुन्हा काम उचलू शकते. डिसेबल केलेल्या फायरवॉलकडून तो आधार मिळत नाही.

बटण दाबा आणि पिंगच्या खिडक्यांकडे पाहा. एखाद-दुसरे उत्तर चुकेल, बहुधा तेही चुकणार नाही. दहा सेकंदांनंतरही उत्तरे येत नसतील, तर कारण शोधत बसू नका. त्याच पानावरील ‘लीव्ह’ बटणाने मोड काढा, काम परत प्रायमरीवर येऊ द्या आणि मग शांतपणे चौथा टप्पा पुन्हा पाहा. लॅनचा पिंग चालू आहे पण बाहेरचे दोन्ही बंद आहेत, असे दिसले, तर लाइनवाल्यांच्या उपकरणात तुमचा जुना मॅक पत्ता बांधून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा सर्किट आयडी हातात घेऊन त्यांना फोन करा.

६. बदलानंतरची तपासणी

सेकंडरीवर सगळ्या ओळी मास्टर आणि प्रायमरीवर सगळ्या बॅकअप झाल्या का ते पाहा. फाइल उतरणे चालू आहे का, मोबाइलच्या इंटरनेटवरून बाहेरून आत येणाऱ्या सेवा उघडतात का, सगळे बोगदे हिरवे आहेत का, हे तपासा आणि शाखेतल्या माणसाला एक खरा व्यवहार करून पासबुक छापायला सांगा. किमान पंधरा मिनिटे असेच चालू द्या, मगच प्रायमरीला हात लावा.

अपडेटसाठीच हे सगळे करत असाल, तर सेकंडरीचे अपडेट याआधी, ती बॅकअप असतानाच, उरकलेले असावे. क्रम असा : आधी सेकंडरी अपडेट, मग चौथा ते सहावा टप्पा, मग प्रायमरी अपडेट. दोन्हींच्या आवृत्त्या वेगळ्या असतील तेवढा काळ प्रायमरीवरील एक्सएमएल-आरपीसी सिंक बंद ठेवा. आवृत्त्या वेगळ्या असताना पीएफसिंकवरही विसंबू नका. काही जोडण्या तुटतील हे धरूनच चाला.

७. सेकंडरीवर काम चालू असताना

सेकंडरीवर कोणतेही नियम बदलू नका. पुढच्या सिंकच्या वेळी प्रायमरीवरची जुनी सेटिंग त्यांच्यावर बसतात आणि तुमचा बदल पुसला जातो. अगदी अडलेच, एखादा पोर्ट तातडीने उघडावाच लागला, तर तो कागदावर लिहा आणि काम परत आणण्यापूर्वी प्रायमरीवर जसाच्या तसा करा.

८. काम परत प्रायमरीवर आणणे

माझ्या अनुभवात जास्त गडबड येथे होते, कारण अपडेट झाले की माणूस थकलेला असतो आणि त्याला घरी जायची घाई असते. रीबूट झालेल्या प्रायमरीचे स्टेट टेबल रिकामे असते. ते सेकंडरीकडून भरून यावे लागते. दोन्हीकडची संख्या जवळपास आली, सगळ्या सेवा चालू दिसल्या, पॅकेजे बसली, प्रायमरीचे स्वतःचे इंटरनेट चालते आहे, एवढे पाहिल्यावरच ‘लीव्ह पर्सिस्टंट कार्प मेंटेनन्स मोड’ दाबा. पिंग या वेळीही चालू असू द्या आणि सहाव्या टप्प्यातील तपासणी पूर्ण करा. मग एक्सएमएल-आरपीसी सिंक पुन्हा चालू करा. प्रायमरीवर एखाद्या नियमाच्या वर्णनात एक अक्षर बदलून साठवा आणि तो बदल सेकंडरीवर उतरला का ते पाहा. मेंटेनन्स मोड काढायचा राहून गेला, तर तो रीबूटनेही जात नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी ते पान पुन्हा एकदा उघडा.

नोंदवहीत वेळ, दोन्हींच्या आवृत्त्या, जाताना आणि येताना किती पिंग चुकले, आणि कोणत्या उपकरणाचा गेटवे चुकीचा निघाला, हे त्याच दिवशी लिहा.

९. प्रायमरी अडकली आणि पानच उघडत नसेल तर

कधी कधी प्रायमरी धड चालत नाही आणि धड मरतही नाही. तिचे पान उघडत नाही, रहदारी पुढे जात नाही, पण ‘मी आहे’ हे संदेश मात्र जात राहतात, त्यामुळे सेकंडरी जागची हलत नाही. अशा वेळी आधी कन्सोल केबलने आत शिरता येते का ते पाहा. तेही जमत नसेल, तर पॉवरचे बटण एकदाच हलकेच दाबून मिनिटभर थांबा, आणि बंद झाली नाही तरच वीज काढा. संदेश थांबल्यावर सेकंडरी तीन-चार सेकंदांत मास्टर होते. वीज काढण्यापूर्वी केबलवरची पट्टी वाचा. दोन्ही फायरवॉल एकाच एक्स्टेंशनवर असतील, तर तुम्ही दोघींनाही बंद कराल.

अशी बंद केलेली प्रायमरी नुसती पुन्हा चालू करू नका. ती मेंटेनन्स मोडमध्ये नसल्याने उठताक्षणी मास्टरपद ओढून घेईल. तिच्या लॅन, वॅन आणि सिंक या सगळ्या केबल काढा, काढताना त्यांवर चिठ्ठी लावा, तिच्या लॅन पोर्टला थेट लॅपटॉप जोडा, लॅपटॉपला १९२.१६८.१.५० सारखा पत्ता हाताने द्या आणि मग ती चालू करा. १९२.१६८.१.२ वर लॉगिन करून आधी मेंटेनन्स मोड लावा. त्यानंतर लॉग वाचा, डिस्क तपासा, लागेल ते दुरुस्त करा. ती नीट झाली असे वाटले, की आधी सिंकची केबल, मग वॅनची, शेवटी लॅपटॉप काढून लॅनची केबल जोडा, दोन्हीकडचे कार्पचे पान पाहा, आणि तेथून पुढे आठव्या टप्प्याप्रमाणे काम परत आणा.